शेगडी पेटवण्याआधी फुगा काट्यावर ठेवा

पाटोदा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. व्हिडिओ बघून त्यांनी मुलांकडून वर्तमानपत्राच्या कागदाचा दोन फुटी गरम हवेचा फुगा करून घेतला. एप्रिलमध्ये शाळा सुटल्यावर, बाराच्या सुमारास, खाली मेणबत्त्या लावून तो उडवायला घेतला. फुगा फुगला, पण जागचा हलला नाही आणि मुलं हिरमुसून घरी गेली. कशामुळे उडाला नाही, बाजारातले उडते कंदील आणून दाखवले तर चालतील का, आणि एवढ्या खटाटोपातून अभ्यासक्रमातलं काय पदरात पडतं, असं त्या विचारतात. शेवटी एक अडचणही लिहितात: थंडीत करा म्हणतात, पण थंडीत आमचा निम्मा वर्ग कोयत्यावर, म्हणजे आईबापांबरोबर ऊसतोडीला, गेलेला असतो.

मॅडम, तो फुगा उडणारच नव्हता, आणि हे मेणबत्ती न लावताही सांगता आलं असतं. सांगायचं मुख्य तेवढंच आहे. गरम हवेच्या फुग्याचा खरा तास उडवायच्या आधी, फळ्यावर होतो. आकडा आधी मांडायचा, पोरांकडून 'उडेल' किंवा 'नाही उडणार' असं लिहून घ्यायचं, आणि मगच आग. उलट क्रमाने केलं की फुगा उडाला तरी ती जत्रा होते, आणि नाही उडाला तर नुसता हिरमोड.

तुमचाच फुगा हिशोबाला घेऊ. दोन फूट म्हणजे साठ सेंटिमीटर व्यास धरा. एवढ्या गोलाचं पृष्ठफळ सुमारे १.१३ चौरस मीटर आणि घनफळ ०.११३ घनमीटर. वर्तमानपत्राचा कागद चौरस मीटरला ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे खळ आणि तार न धरताच फुगा पन्नास ग्रॅमचा झाला. आता हवा. बीडकडचा आपला भाग समुद्रसपाटीपासून पाचशे मीटर किंवा त्याहून उंच, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ. १५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा साधारण १.१५ किलोची, ४० अंशांना १.०६ किलोची, ८० अंशांना ०.९४ किलोची. दुपारी बाहेर ४० आणि आत ८० असेल तर दर घनमीटरला फरक पडला १२० ग्रॅमचा. तुमच्या फुग्यात एक घनमीटर कुठे आहे? त्याच्या वाट्याला आले १४ ग्रॅम. आत अगदी १०० अंश नेले असते तरी १९ ग्रॅमच. पन्नास ग्रॅमचा बोजा १९ ग्रॅमच्या जोरावर उचलला जात नाही, मग मेणबत्त्या किती का लावा.

तुम्ही वर्तमानपत्राऐवजी पतंगाचा कागद घेतला असता तरी वजन २३ ग्रॅमवर आलं असतं, म्हणजे दोन फुटी फुगा तरीही बसलेलाच. कागदापेक्षा आकार जास्त नडला. इथे थोडं थांबते, कारण या प्रकल्पातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे आणि व्हिडिओत ती कधीच सांगत नाहीत.

व्यास दुप्पट करा, १२० सेंटिमीटर. कागद चौपट लागतो, साडेचार चौरस मीटर. पण आत मावणारी हवा आठपट होते, ०.९ घनमीटर. पतंगाच्या कागदाचं वजन ९० ग्रॅम, खळ, जोड आणि तोंडाची तार धरून ११०. थंडीत सकाळी बाहेर १५ आणि आत सरासरी ७० अंश असतील तर उचल मिळते १६५ ग्रॅमच्या पुढे. वर पन्नासेक ग्रॅम शिल्लक. तोच कागद, तीच हवा, तीच शेगडी. साठ सेंटिमीटरला न उठणारा फुगा एकशेवीसला नाणी घेऊन वर जातो. आठवीच्या गणितात पृष्ठफळ आणि घनफळ असतंच. सूत्रं पाठ असतात, पण 'हे कशाला शिकायचं?' याचं उत्तर पोरांना कुणी दिलेलं नसतं. दोन्ही आकारांचे फुगे करून एकाच शेगडीवर धरा. मोठा दोरा ताणतो आणि छोटा तिथेच लोळतो, हे बघितल्यावर वर्ग आणि घन यांतला फरक पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

एवढ्या हिशोबाला पोरं एका जागी हमखास अडतात: हवेला वजन असतं हेच त्यांना मनापासून पटलेलं नसतं. पुस्तकात वाचलेलं असतं, परीक्षेत लिहिलेलं असतं, पण 'या वर्गातली हवा किती किलोची?' असं विचारा, 'शून्य' म्हणणारे हात निम्मे असतात. सहा बाय सात मीटरची, तीन मीटर उंच खोली असेल तर त्यात जवळपास १४० किलो हवा असते. क्विंटलभराच्या वर.

हे दाखवायला बरेच जण पट्टीच्या दोन टोकांना दोन फुगे बांधतात आणि एक फोडतात. तो प्रयोग माझ्या मते बाद करावा. रबरी फुग्यातली हवा बाहेरच्यापेक्षा अगदी किंचितच दाबलेली असते. फुगा जितकी हवा बाजूला सारतो तितकीच जवळजवळ आत असते, त्यामुळे जो फरक दिसतो तो नखाएवढा, आणि तो कशाचा हे खुद्द आपल्यालाही नीट सांगता येत नाही. त्यापेक्षा फुटबॉल घ्या. हवा थोडी कमी, पण आकार गोल राहील इतपत असताना तोला, मग पंपाने टणक भरून पुन्हा तोला. आकार तोच, हवा जास्त. तीन-चार ग्रॅमची वाढ सरळ दिसते. काटा मात्र ग्रॅम दाखवणारा पाहिजे. किराणा दुकानातला मोठा काटा पाच-दहा ग्रॅमच्या उड्या मारतो. गावातल्या सोनाराकडे बारीक काटा असतो. फुटबॉल, नाणी, कागदाचे ताव असं सगळं एकदाच नेऊन तोलून आणा. सोनार हसतो, पण काटा देतो.

आता 'गरम हवा हलकी असते म्हणून वर जाते' या वाक्याबद्दल. वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. हलकी म्हणजे कशापेक्षा हलकी, हा प्रश्न त्यात गायब होतो. गरम हवेला स्वतःहून वर जायची ओढ नसते. तिलाही वजन असतं, तिलाही पृथ्वी खालीच ओढते. भोवतालची थंड हवा जास्त जड असते, ती खाली घुसते आणि गरम हवेला वर ढकलते. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला रिकामा कॅन बांधतात, त्या कॅनला काही वर यायची हौस नसते. पाणी त्याला वर रेटतं. आठवीच्या 'बल व दाब'मध्ये प्लावक बल आणि आर्किमिडीजचं तत्त्व पाण्यावर शिकवलं जातं. तेच तत्त्व हवेत लावायचं: फुगा जितकी बाहेरची हवा बाजूला सारतो तिच्या वजनाइतकं बल वर, आणि आतली गरम हवा, कागद, तार, नाणी हे सगळं खाली. आपल्या मोठ्या फुग्याने सारलेली हवा थंडीत एक किलोच्या थोडी वर असते. आत उरलेली गरम हवा पाऊणशे-नव्वद ग्रॅम नव्हे, तब्बल ८७० ग्रॅमची. या दोन मोठ्या आकड्यांच्या फरकावर तो तरंगतो. वजाबाकी पोरांनी स्वतः केली पाहिजे.

गरम केल्यावर हवा प्रसरण पावते, हे दाखवायला बाटलीच्या तोंडाला रबरी फुगा लावून गरम पाण्यात धरायचा प्रयोग पुरेसा आहे. कितीने, त्याचा हिशोब असा: सेल्सिअसमध्ये २७३ मिळवा आणि भाग द्या. १५ अंशांचे २८८, ७० अंशांचे ३४३. म्हणजे एक लिटर हवेची जवळपास १.१९ लिटर झाली. या संबंधाला ज्यांचं नाव आहे ते जाक शार्ल हेही फुगेवालेच होते. १ डिसेंबर १७८३ ला पॅरिसमधून हायड्रोजनच्या फुग्यात बसून ते वर गेले. गे-ल्युसाक यांनी १८०४ मध्ये फुग्यातून सुमारे सात किलोमीटर उंची गाठून हवेचे नमुने आणले. वायूंचे नियम ज्यांच्या नावावर आहेत ती माणसं टोपलीत बसून आभाळात जात होती, हे पोरांना फार आवडतं.

फुगा कसा करायचा ते नीट सांगते, कारण बहुतेक फुगे इथे बिघडतात. पतंगाचा कागद घ्या. बाजारात ताव साधारण ५० बाय ७५ सेंटिमीटरचा मिळतो. एकशेवीस सेंटिमीटरच्या फुग्याला आठ पाकळ्या. एका पाकळीची लांबी १८८ सेंटिमीटर, म्हणजे अडीच-तीन ताव लांबीत जोडायचे. आधी जाड कागदावर साचा कापा. मधोमध रेघ मारून टोकापासून ३१ सेंटिमीटरवर रुंदी साडेतेवीस, ६३ वर ४१, आणि बरोबर मध्यावर, ९४ ला, ४७ सेंटिमीटर. पुढे याच मापांनी उतरत जायचं. खुणा हाताने गोलसर जोडा. सुतळी ताणून सरळ रेघांनी जोडल्या तर फुग्याला कोपरे येतात. चिकटवायला एका कडेला दीड सेंटिमीटर जास्त ठेवायचे. ४७ अधिक दीड, म्हणजे तावाच्या पन्नास सेंटिमीटर रुंदीत पाकळी बरोबर बसते. खालच्या टोकाचे पंधरा सेंटिमीटर कापून टाका, तिथे तीस सेंटिमीटरचं तोंड तयार होतं. त्याला बारीक तारेचं कडं, फार जाड नको.

चिकटवायला गव्हाच्या पिठाची पातळ खळ. फेव्हिकॉलही चालतो, पण पोरं तो ओततात, आणि आठ जोडांवर ओतलेल्या फेव्हिकॉलचं वजन पंचवीस-तीस ग्रॅमपर्यंत जातं. तुमची शिल्लक पन्नासची, त्यातली निम्मी डिंकातच गेली. म्हणून प्रत्येक गटाला फुगा वाळल्यावर काट्यावर ठेवायला लावा, आणि कागदाच्या हिशोबी वजनापेक्षा तो किती जास्त भरला ते लिहायला लावा. कुणाचा हात जड आणि कुणाचा हलका, ते तिथे उघडं पडतं. मग पुढच्या वेळी बोटाने खळ लावायची की ब्रशने, यावर पोरं स्वतःच भांडतात. भांडू द्यावं.

शेवटची पाकळी जोडताना फुगा आतून स्वतःलाच चिकटतो. मध्ये वर्तमानपत्राच्या पट्ट्या सारून ठेवा आणि वाळल्यावर ओढून काढा. मग तोंडातून डोकं आत घालून उजेडाकडे बघायचं. जिथे उजेड टोचतो तिथे भोक. वरच्या अर्ध्यात एकही भोक राहता कामा नये. खाली एखादं असलं तरी चालतं. असं का, हा प्रश्न पोरांना घाला.

उष्णतेसाठी मेणबत्त्या नकोत. एवढ्या फुग्याची कागदी भिंत साडेचार चौरस मीटरची, त्यातून उष्णता भराभर बाहेर जाते, मेणबत्त्यांनी ती खोट भरून निघत नाही. हेअर ड्रायरही इथे कमी पडतो. त्याने पातळ पिशवी उडेल, हा फुगा नाही. पोषण आहाराच्या खोलीतली मोठी गॅस शेगडी बाहेर आणा. तिच्यावर विटांच्या आधाराने पत्र्याचा मीटरभर उंच पाइप उभा करा, आणि पाइपाच्या तोंडाला तारेची जाळी. चूल पेटवली तरी काम होतं, पण पऱ्हाट्या आणि तुराट्यांच्या ठिणग्या उडतात आणि पतंगाचा कागद ठिणगीला एक क्षणही टिकत नाही. शेगडी कायम जमिनीवर. ज्योत फुग्यासोबत वर जाणार नाही, या नियमाला अपवाद करू नका.

दोघांनी फुग्याचं डोकं काठीने वर धरायचं, दोघांनी कडं. पाइपाशी फक्त शिक्षक. पाण्याच्या दोन बादल्या आणि ओलं पोतं हाताशी. नायलॉनची ओढणी शेगडीजवळ नको. कड्याला शिवणाचा साधा दोरा बांधा, मांजा अजिबात नको. प्रयोगशाळेतली तापमापी सुतळीने आत लोंबती ठेवून एकदा वरच्या घेरात आणि एकदा तोंडाशी बघा. वरचा आकडा बराच जास्त येतो. हिशोबाला सरासरी घ्यायची, वरचा आकडा नाही. इथेच अभिसरण दिसतं. सातवीत वहन, अभिसरण, प्रारण या तिघांच्या व्याख्या पाठ झालेल्या असतात. फुग्यात तिन्ही एकाच वेळी चालू असतात. सातवीच्या पोरांनाही बघायला बोलवा.

फुगा सोडल्यावर दोऱ्याच्या टोकाला दहा-बारा मीटर जातो आणि मिनिटभरात खाली येतो. पोरांना वाटतं बिघडला. बिघडला नाही, थंड झाला. किती वेळात उतरला ते घड्याळावर मोजा, मग फुग्यावर जास्त खळ लावलेल्या गटाचा किती लवकर उतरला ते बघा.

आता उडत्या कंदिलांबद्दल. नको. ते कागदी असतात, आत मेणाचा जळता बोळा असतो, आणि एकदा सुटले की कुठे उतरतील यावर कुणाचा ताबा नाही. आपल्याकडे दिवाळीच्या आसपास शेताशेतांत कापलेल्या सोयाबीनच्या बनिमी, म्हणजे रचलेले ढीग, लागलेल्या असतात, पुढे कडब्याच्या गंज्या, शेजारी उसाचं पाचट. एका कंदिलात एखाद्याचं वर्षाचं पीक जाऊ शकतं. मोठ्या शहरांत पोलीस आदेश काढून त्यांवर बंदी घालतात, ती उगाच नाही. शिवाय शिकवण्याच्या दृष्टीनेही तो निरुपयोगी आहे. तयार आणलेल्या वस्तूत मापही तुमचं नसतं आणि वजनही नाही. पोरांनी करायला उरतं फक्त टाळ्या वाजवणं. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात बाजारातून आणलेली तयार मॉडेलं बघून मला जे वाटतं तेच इथेही वाटतं.

त्याहून वाईट एक सल्ला फिरतो, तो म्हणजे बाटलीत कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमची चांदी टाकून हायड्रोजन करा आणि फुगा भरा. शाळेत हे अजिबात करू नये. बाटली उकळते, सोडा डोळ्यात उडतो, आणि तो वायू एका ठिणगीने भडकतो. हायड्रोजनचे फुगे उडवणारे लोक शेजारी हैदराबादला आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र तिथे १९६९ पासून चालू आहे. अतिशय पातळ पॉलिथीनचे ते प्रचंड फुगे उपकरणं घेऊन तीस किलोमीटरच्या वर जातात. त्यांची गोष्ट वर्गात जरूर सांगा, नक्कल करू नका.

इतिहास किती सांगायचा? माझ्या मते दोनच गोष्टी. पहिली धुराची. फ्रान्समधल्या आनोने गावच्या मोंगोल्फिए बंधूंचा घरचा धंदा कागदाचा. ४ जून १७८३ ला त्यांनी चारचौघांत पहिला मोठा फुगा उडवला, तेव्हा त्यांची समजूत अशी होती की धुरातच काहीतरी खास हलका वायू असतो. म्हणून ते ओलसर गवत आणि लोकर जाळून मुद्दाम धूर करत. फुगा उडला, कारण मात्र चुकीचं. हे मुलांना सांगून थांबू नका, तपासायला लावा. एका पिशवीत उदबत्तीचा धूर थंड होऊ देऊन भरा, दुसरीत गॅसच्या शेगडीवरची बिनधुराची गरम हवा. कोणती उठते? मोठमोठ्या माणसांच्या समजुती अशा तपासता येतात हे आठवीतल्या पोराला कळलं, की गावातल्या इतर समजुतींकडेही ते त्याच नजरेने बघायला लागतं.

दुसरी गोष्ट मेंढीची. १९ सप्टेंबर १७८३ ला व्हर्सायला राजासमोर फुग्याच्या पिंजऱ्यातून एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा असे तिघे वर पाठवले. हे तिघंच का, असं वर्गाला विचारा आणि उत्तर लगेच देऊ नका. मेंढी जमिनीवरची, माणसासारखी; वरच्या हवेत तिला काही होतं का ते बघायचं. बदक तसंही उंच उडतं, त्याला वरच्या हवेची सवय. म्हणजे बदकाला काही झालं तर दोष उंचीचा नाही, फुग्याचा. कोंबड्याला पंख असून उंच उडता येत नाही, तो मधला. तुलनेसाठी एक नमुना वेगळा ठेवायचा असतो, हे पुस्तकी वाक्य पोरांना या बदकावरून एकदा कळलं की कायमचं कळतं. कोंबड्याच्या पंखाला इजा झालेली निघाली, आणि लोक उंचीला दोष देऊ लागले; पण उड्डाणाआधीच मेंढीने त्याला लाथ घातली होती, असं सांगतात. यावर आपल्याकडे वर्ग खदखदून हसतो, कारण शेळ्या-कोंबड्या एका खोपीत ठेवल्या की काय होतं हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं. पुढे २१ नोव्हेंबरला पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद ही दोन माणसं पॅरिसवरून पंचवीसेक मिनिटं उडाली.

आजचे माणसं नेणारे फुगे वेगळ्या नियमाने चालत नाहीत. साधारण २२०० घनमीटरचा फुगा, आत १०० अंशांच्या आसपास, बाहेर १५. हाच हिशोब लावला की समुद्रसपाटीला सहाशे किलो उचल येते. त्यातून कापड, टोपली, बर्नर, गॅसच्या टाक्या वजा जाऊन जे उरतं तेवढीच माणसं. हे गणित पोरांना घरी करायला द्या. ते फुगे सूर्योदयाच्या सुमारास का उडतात, हेही त्यांनाच शोधू द्या.

आता तुमची खरी अडचण, थंडी आणि ऊसतोड. एप्रिलच्या दुपारचा हिशोब मोठ्या फुग्यालाही जड जातो. बाहेर ४०, आत सरासरी ७० असेल तर उचल ८५ ग्रॅम आणि फुगा ११० चा. एखादं हुशार लेकरू म्हणेल, 'मग आत ९५ करा, उडेल की!' बरोबर आहे, उडेल. त्याला शाबासकी द्या आणि सांगा, की कागद आणि माणसं जवळ असताना आतल्या तापमानाला आपणच मर्यादा घालतो. आपली मर्यादा सरासरी ७५ धरा. मोठ्या फुग्यांनाही कापडामुळे अशीच मर्यादा असते. शिवाय दुपारी वारा सुटतो. नांगरलेल्या काळ्या रानावर वावटळी उठतात आणि घारी पंख न हलवता गोल गोल वर चढतात. जमिनीवरची तापलेली हवा थंड हवेने वर रेटलेली असते, तुमच्या फुग्यातल्यासारखीच. ही वेळ घारी बघायला उत्तम, फुग्याला वाईट. पण एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते. सातला बाहेर पंचवीसेक अंश असतील, आत ७५, तर उचल १४० च्या वर येते. शिल्लक तीसेक ग्रॅम. उडतो.

म्हणून मी असं सुचवते. डिसेंबरात गावात आणि हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांनी फुगा करायचा, तोलायचा, उडवायचा. नाणी एकेक वाढवत किती ग्रॅमपर्यंत उचलतो ते बघायचं. नाणी आधी तोलून घ्या, वेगवेगळ्या सालांच्या नाण्यांची वजनं वेगळी असतात. बाहेरचं तापमान, आतलं तापमान, फुग्याचं वजन, नाण्यांचं वजन, सगळं एका वहीत. फुगा घडी घालून ठेवायचा. साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, आणि कोयत्यावरची लेकरं परत आली, की वही त्यांच्या हातात द्यायची. फुगा तोच, वजन तेच, हवा मात्र आता एप्रिलची. सकाळी सातला किती नाणी उचलेल, आणि दहाला किती, ते त्यांनी आधी लिहून द्यायचं. मग दोन्ही वेळा उडवायचा. चार महिने शाळेबाहेर राहिलेल्या लेकरांना 'मागचं भरून काढा' असं म्हणण्यापेक्षा हे बरं, कारण त्यांच्याशिवाय प्रयोगाचा निम्मा भाग पुराच होत नाही. फडात पहाटेचा गारवा आणि दुपारची लाही त्यांनी अंगावर घेतलेली असते. हवेच्या तापमानाबद्दल ती बोलायला लागली की ऐकत राहावं.

आगीची अजिबातच तयारी नसेल तर डिसेंबरात एक बिनआगीचा प्रकार करता येतो. कचऱ्याच्या अगदी पातळ काळ्या पिशव्या उभ्या कापून, चिकटपट्टीने जोडून, साठ सेंटिमीटर व्यासाची आणि चार-पाच मीटर लांब नळी करायची. सकाळी वारा नसताना हवा भरून, दोन्ही तोंडं बांधून उन्हात ठेवली की आतली हवा तापते आणि नळी उचलली जाते. दोरा बांधलेला पाहिजेच. टरबुजाच्या वावरातला मल्चिंग पेपर पोरं हमखास आणतील. तो पंचवीस मायक्रॉनचा, चौरस मीटरला तेवीसेक ग्रॅम. पातळ पिशवीचा कागद नऊ-दहा ग्रॅमचा. मल्चिंगची नळी उडवायची तर व्यास किती लागेल, ते त्यांच्याकडूनच काढून घ्या.

फुगा डिसेंबर ते एप्रिल ठेवायचा तर एक काळजी घ्या. गव्हाच्या खळीला उंदीर आणि झुरळं लागतात आणि जोडच्या जोड खातात. बुकबाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकतात, तसं करा. मोरचूद विषारी आहे, तेव्हा तो तुम्हीच टाका, पोरांच्या हातात देऊ नका, आणि अशी खळ लावल्यावर सगळ्यांचे हात साबणाने धुऊन घ्या. फुगा पूर्ण वाळल्यावरच घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा, आणि एप्रिलमध्ये बाहेर काढला की आधी पुन्हा काट्यावर.